वीणा उतरवताना

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात ज्येष्ठ वारकरी मंडळींच्या वतीने केलेले भाषण)

सकाळपासून इथं दिंडीच्या शंभर वर्षांचा इतिहास ऐकायला मिळाला. आम्हाला मात्र सांगितलंय, की तुम्ही घरातल्या वारीवर बोला, नातवंडांवर बोला. आता आम्ही म्हणजे कोण? आम्ही म्हणजे ज्येष्ठांची राहुटी. मुक्कामाला पोचल्यावर ज्यांना आधी पाठ टेकायला जागा करून देतात, ती मंडळी. हरिपाठ झाला, पंगती उठल्या, की पायाला तेल चोळत आम्ही बोलत बसतो. बाहेरच्याला वाटतं, म्हातारी माणसं ज्ञानेश्वरीतल्या ओव्यांचा अर्थ लावत असतील. तोही लावतो. पण खरं सांगायचं तर निम्मी रात्र लेक, सुना आणि नातवंडं यांच्यातच जाते. कोणाचा नातू दहावीला, कोणाची नात लग्नाची, कोणाच्या घरी वाटणीचं निघालंय. तेव्हा हे भाषण एकट्याचं नाही. राहुटीत वर्षानुवर्षं जे बोलणं झालं, ते इथं मांडतो आहोत. नाव कोणाचंही घेणार नाही. ज्याचं त्याला कळेल.

राहुटीतलं सगळं बोलणं फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतं. आपल्यामागं घरची वारी कोण चालवणार?

आपल्याकडं वारी माणसाची असते तशी घराचीही असते. बापाचे पाय थकले की लेक निघतो. लेकाला जमलं नाही तर पुतण्या निघतो. पण त्या घरचा माणूस आषाढीला वाळवंटात असतोच. शंभर वर्षं म्हणजे साधारण चार पिढ्या झाल्या. पहिल्या तीन पिढ्यांची पेरणी आणि वारी एकाच पावसाच्या हिशेबानं चालायची. पेरून निघायचं आणि द्वादशी सोडून परतायचं. चौथ्या पिढीचं तसं राहिलं नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउली आळंदीहून निघतात तेव्हा पोरांच्या शाळा नुकत्या उघडलेल्या असतात. लेक नोकरीला, सून नोकरीला. रजा मागायची तर तीन दिवसांसाठी दहा वेळा विचार करावा लागतो. म्हणून मग म्हाताऱ्यांच्या मनात भीती बसते. आणि भीती बसली की जिभेवर येतो तो राग. 'आजकालच्या पोरांना काही नको', 'सगळं त्या मोबाईलनं खाल्लं' ही वाक्यं आमच्या राहुटीत दर रात्री निघतात.

या भीतीला उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्याच संतांच्या घरात डोकावलं तरी पुरे.

पैठणचं नाथांचं घर घ्या. भानुदास महाराज हे त्या कुळातले थोर विठ्ठलभक्त. विजयनगरहून पांडुरंगाची मूर्ती त्यांनी पंढरीला परत आणली, असं परंपरा सांगते. त्यांचे चिरंजीव चक्रपाणी. चक्रपाणींचे सूर्यनारायण आणि सूर्यनारायणांचे एकनाथ. पण नाथांना आईबापाचं सुख फार लाभलं नाही. ते अगदी लहान असतानाच दोघंही गेले. नाथांना वाढवलं ते आजोबांनी आणि आजीनं. म्हणजे ज्या महापुरुषानं पुढं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करून आपल्या हाती दिली, तो आजोबांच्या मांडीवर वाढलेला नातू होता. आम्हा म्हाताऱ्यांना याचा केवढा आधार वाटतो!

पुढची गोष्ट मात्र आपण आजोबांच्या बाजूनं कधी ऐकत नाही. बारा-एक वर्षांचा हा पोर एके दिवशी कोणाला न सांगता घरातून निघाला आणि देवगिरीला जनार्दनस्वामींकडं गेला. विचार करा. लेक गेला, सून गेली, मागं राहिलेला एकुलता एक नातू तोही न सांगता गेला. त्या दोन म्हाताऱ्यांनी ती वर्षं कशी काढली असतील? चरित्रकार सांगतात, की चक्रपाणींना पत्ता लागला तेव्हा ते स्वामींकडं गेले आणि त्यांच्याकडून पत्र घेऊन आले. नाथ तीर्थयात्रेहून फिरत फिरत पैठणला आले तेव्हा आजोबांनी ते पत्र त्यांच्यापुढं धरलं. गुरूंची आज्ञा होती, की पैठणातच राहा. नाथ जिथं उभे होते तिथंच राहिले. यात आम्हाला दिसतं ते असं, की म्हाताऱ्यानं 'मी तुला वाढवलं' हा हिशेब काढला नाही. नातवाचं मन जिथं गुंतलं होतं, तिथूनच शब्द आणला. नातवाला जो शब्द मानावासा वाटत होता, तोच आणला.

आणि नाथांच्या स्वतःच्या घरी काय झालं? चिरंजीव हरिपंडित मोठे विद्वान. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावं, कोणाच्याही घरी जेवावं, हे त्यांना पटेना. ते उठून काशीला गेले. नाथ त्यांना आणायला गेले तेव्हा मुलानं अटी घातल्या, की प्राकृतात सांगायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही. नाथांनी त्या अटी मान्य केल्या, असं चरित्रात आहे. ज्यांच्या पुराणाला अवघं पैठण लोटत होतं, त्यांनी मुलाच्या शब्दाखातर पोथी मिटली. पुढं श्रोते रोडावले, मुलाचं मन पालटलं आणि पोथी पुन्हा उघडली. आज आपल्यापैकी कोणी सुनेच्या एका शब्दावर दूरदर्शनचा आवाज कमी करत नाही, आणि नाथांनी मराठी बंद ठेवली! हे सोपं नाही हो.

नाथांच्या घरची आणखी एक गोष्ट लेकीच्या बापांसाठी. मराठीत महाभारत ओवीबद्ध करणारे कवी मुक्तेश्वर हे नाथांचे नातू, पण ते मुलीच्या बाजूचे. तेव्हा ज्यांना नुसत्या लेकी आहेत आणि जे राहुटीत उसासा टाकतात, की आमची वारी आता संपली, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. लेकीचा पोरही नातूच असतो. आणि लेकीची पोरगीही.

देहूचंही बघा. तुकोबारायांच्या घरी वारी पूर्वजांपासून चालत आलेली. तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा नारायण महाराज आईच्या पोटात होते, असं सांगतात. त्या मुलानं बापाला टाळ वाजवताना पाहिलं नाही, बापाचं कीर्तन ऐकलं नाही. आणि १६८५ साली त्याच मुलानं बापाच्या पादुका पालखीत ठेवून पालखी सोहळा सुरू केला. ज्यानं बापाला चालताना पाहिलं नाही, त्यानं लाखोंना चालतं केलं. मग आपण कशाला म्हणायचं, की आमचा नातू आठवीत गेला तरी अजून हरिपाठ पाठ नाही, आता काय होणार!

आता आपल्या दिंडीकडं येऊ. दिंडीत चालता चालता घर कसं चालवावं हे आम्हाला थोडं थोडं उमगत गेलं. त्यातल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट विण्याची. गावोगावी हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस अखंड उभी असते. ती भुईला टेकत नाही. पण एकच माणूस सात दिवस उभा राहतो का? नाही. पहारा असतो. आपला पहारा संपला, की पुढच्याच्या गळ्यात वीणा घालायची आणि त्याच्या पायावर डोकं ठेवायचं. आमच्यातल्या एकाच्या गावी सप्ताहात रात्री दोनचा पहारा बदलायचा होता. बदलायला आला तो त्यांचाच नातू, इंजिनिअरिंगला असलेला, सुट्टीला आलेला. आजोबांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि वाकले. पोरगं घाबरून मागं सरलं. "आबा, तुम्ही माझ्या पाया पडता?" आबा म्हणाले, "अरे, आता वीणा तुझ्या गळ्यात आहे. उभा राहा नीट." आणि स्वतः टाळ घेऊन खाली बसले.

आम्हाला वाटतं, म्हातारपणाचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं. घरातही वीणा असते. सातबाऱ्यावरचं नाव, बँकेचं पुस्तक, कपाटाची किल्ली, लग्नाच्या यादीत कोणाला बोलवायचं नि कोणाला नाही, रानात यंदा ऊस की सोयाबीन, हे सगळं विण्यातच मोडतं. पहारा संपला तरी ती गळ्यातून न काढणारे आपल्यात पुष्कळ आहेत. लेक पन्नाशीला आला तरी खताची पिशवी आणायला बापाला विचारतो. आणि बापाला वाटतं, मान राहिला! माउली, सप्ताहात असं कोणी केलं तर लोक काय म्हणतील? म्हणतील, की याला नामाची गोडी नाही, विण्याची आहे.

पण वीणा उतरवली म्हणजे देवळाबाहेर जायचं नसतं. टाळ घेऊन बसायचं असतं. काही म्हातारे व्यवहार सोडतात आणि रुसून ओसरीच्या कोपऱ्यात बसतात, 'मला आता कोण विचारतो' म्हणून. तेही बरं नव्हे. पुढचा चुकला तर त्याला टाळानं सावरायचं असतं, गळ्यातली वीणा ओढायची नसते. नातवंडांच्या बाबतीत तर हे फारच लागू. पोरांना वळण लावणं हा त्यांच्या आईबापाचा पहारा आहे. आई रागावली, की आजोबांनी मध्ये पडून 'असू दे गं' म्हणू नये. आणि आई लाड करते म्हणून तिच्यादेखत पोराला बोलूही नये. रडून झालं, की पोर आपोआप आपल्या मांडीवर येतं. मांडी तेवढी मोकळी ठेवायची.

दुसरी गोष्ट समाज आरतीची. माउलींची पालखी मुक्कामी तळावर पोचते तेव्हा दिंड्या चहूबाजूंनी गोल उभ्या राहतात. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप उंच करतात आणि सगळीकडं शांत होतं. पण ज्या दिंडीची काही तक्रार असते, ती दिंडी गप्प बसत नाही. ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडं जातात, काय झालं ते ऐकून घेतात, निवाडा होतो आणि मग आरती. तक्रार करणाऱ्यावर कोणी ओरडत नाही. एवढ्या मोठ्या सोहळ्याची आरती एका दिंडीसाठी थांबते.

घरात हे टाळ वाजवणारं माणूस बहुतेक वेळा सर्वात लहान असतं. जेवायला बसल्यावर पोर ताट ढकलतं, कारण नसताना भावाला मारतं, शाळेत जायचं नाही म्हणतं. आपण म्हणतो, हट्टी आहे. अहो, तो टाळ वाजवतोय. त्याची तक्रार आहे आणि ती सांगायला त्याला शब्द नाहीत. आमच्यातल्या एकाची नात अशीच महिनाभर घुमी झाली होती. आईबाप दिवसभर कामावर, विचारलं की 'काही नाही' म्हणायची. आजोबा रोज संध्याकाळी तिच्याजवळ शेंगा फोडत बसायचे. काही विचारायचे नाहीत. आठव्या दिवशी शेंगा फोडता फोडता ती बोलली. वर्गातली मुलं तिच्या बोलण्याला हसत होती, गावाकडचं बोलते म्हणून. आजोबा शाळेत भांडायला गेले नाहीत. त्यांनी रात्री सूनबाईला सांगितलं आणि सूनबाईनं पुढचं बघितलं. आठ दिवस शेंगा फोडायला वेळ कोणाकडं असतो? आईबापांकडं नसतो. आपल्याकडंच असतो. म्हातारपणाची ही एवढी श्रीमंती आहे, ती वापरायला हवी.

आता नातवंडांना वारी कशी कळते, ते सांगतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी पायी वारी झाली नाही. महामारीमुळं पादुका बसनं पंढरीला गेल्या. आम्हा लोकांचे ते दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. ज्येष्ठ वद्य आला, की पाय आपोआप उंबऱ्याबाहेर पडायचे. तेव्हा आमच्यातल्या एकाच्या सात वर्षांच्या नातवानं विचारलं, "आबा, आज तुम्ही कुठं असता?" आबा म्हणाले, "आज सासवडला." पोरानं भिंतीवर नकाशा चिकटवला आणि आजीच्या कपाळाची टिकली काढून सासवडवर लावली. मग रोज संध्याकाळी हा उद्योग. जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. टिकली पुढं सरकायची आणि आबा त्या त्या गावचं सांगायचे. दिवे घाटात दम कसा लागतो, नीरेत पादुकांना स्नान कसं घालतात, चांदोबाच्या लिंबाजवळ उभ्या रिंगणात घोडा कसा धावतो, कोणत्या गावची माणसं पिठलं-भाकरी घेऊन वाटेवर उभी असतात. त्यात उपदेश एकही नव्हता. एकादशीला टिकली पंढरपुरावर लागली तेव्हा पोर नाचलं आणि म्हातारा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

तो मुलगा आता मोठ्या शाळेत आहे. त्याला मुक्काम क्रमानं पाठ आहेत. आबा चुकले तर तो सुधारतो. गळ्यात माळ नाही, हरिपाठ निम्माच येतो. पण गेल्या खेपेला रविवार साधून तो पुण्याहून सासवडपर्यंत आबांबरोबर चालला. दिवे घाट चढल्यावर आबांची पिशवी न सांगता त्याच्या खांद्यावर गेली होती. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. कोणी काही बोललं नाही.

माळेचा विषय निघालाच आहे तर तोही बोलतो, कारण त्यावरून घरं दुखावतात. नातू बाहेर शिकायला गेला, खाण्यापिण्याचं बदललं, असं कानावर आलं की म्हातारा त्याच्याशी बोलणं टाकतो. एका घरी नातवानं सरळ विचारलं, "मी माळ घातली नाही तर तुम्ही माझ्याबरोबर जेवायला बसणार नाही का?" त्या घरच्या आजोबांनी दिलेलं उत्तर आम्हाला फार पटलं. ते म्हणाले, "बाळा, माळ ज्याची त्यानं घालायची असते. मी माझ्या नेमानं जेवीन, तू ताट घेऊन शेजारी बस." नेम आपला आहे. तो आपण मोडायचा नाही. पण तो नातवाला मोजायची पट्टीही करायचा नाही. पंढरीत कोणाची जात, कोणाचं वय न बघता आपण एकमेकांच्या पाया पडतो, आणि घरी येऊन नातवाशी अबोला धरतो, हे जुळत नाही.

तसंच नातींचं. एकीनं मृदंग शिकायचा म्हटलं तर घरात कुजबुज झाली, की मुलीच्या जातीला हे कशाला. ज्या संप्रदायात मुक्ताबाईंचा शब्द चांगदेवांनी शिरी घेतला, जनाबाई नामदेवरायांच्या घरात वावरत संत झाल्या, त्या संप्रदायाच्या माणसांनी हे बोलू नये. नातवाला टाळ देता तर नातीलाही द्या. वारी कोणाच्या पायानं पुढं जाईल हे आपण ठरवणारे कोण?

फार बोललो. आता शताब्दीच्या निमित्तानं आमच्या राहुटीनं आपसात जे ठरवलं आहे, ते सांगतो आणि थांबतो.

पहिलं असं, की पुढच्या वारीत प्रत्येक घरचं एक तरी नातवंड एका टप्प्यापुरतं बरोबर आणायचं. पूर्ण वारीचा आग्रह नको, शाळा बुडवायला नको. एक रविवार पुरे. त्याची भिशी आजोबांनी भरायची.

दुसरं, ज्याला लिहिता येतं त्यानं आपल्या वारीचं एक वहीभर लिहून ठेवायचं. पहिल्यांदा कोणाच्या बोटाला धरून आलो, कुठं पाऊस लागला, कुठं ताप आला आणि कोणी पाणी पाजलं, कोण चालता चालता गेलं. ज्याला लिहिता येत नाही त्यानं नातवंडाला सांगायचं आणि त्यानं लिहायचं. नाहीतर मोबाईलमध्ये बोलून ठेवायचं. ज्या मोबाईलला आम्ही इतकी वर्षं बोल लावला, तो निदान एवढ्या कामी तरी येऊ दे.

आणि तिसरं. आमच्यातल्या ज्यांच्या गळ्यात अजून घरची वीणा आहे, त्यांनी येत्या आषाढीच्या आत ती उतरवायची. लेकाला, सुनेला समोर बसवून, हिशेब देऊन, हसतमुखानं. आणि उतरवल्यावर जागा सोडून जायचं नाही. टाळ घेऊन शेजारीच बसायचं.

घरची वारी आपल्यामागं कोण चालवणार, याचं उत्तर आज आमच्यापैकी कोणाकडंच नाही. पण ते पोर जेव्हा उंबऱ्याबाहेर पडेल, मग ते विसाव्या वर्षी पडो की पन्नासाव्या, तेव्हा त्याला वाटेवरची गावं ओळखीची वाटावीत आणि आपल्या आजोबांची आठवण गोड वाटावी, एवढं आपल्या हातात आहे. तेवढं आपण करू. बाकीचं बघायला तो विटेवर उभा आहेच.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! रामकृष्ण हरी!